शेवाळ काढलं तरी महिन्याभरात परत का येतं? बेळगाव भागातल्या कमी खर्चाच्या झाडांच्या टाकीसाठी

काचेच्या टाकीत माशांबरोबर पाण्यातली झाडं वाढवणाऱ्या जवळजवळ सगळ्यांची तक्रार एकच. टाकी भरली, झाडं लावली, पहिले पंधरा दिवस बघत बसावं असं वाटत होतं. मग काचेवर तपकिरी थर आला, पानांच्या कडांना हिरवे दोरे लोंबायला लागले, क्रिप्टोची (क्रिप्टोकोरीन या पाण्यातल्या झाडाची) पानं पारदर्शक होऊन गळाली. रविवारी सगळं उपसलं, वाळू धुतली, काच घासली, टाकी पुन्हा भरली. तीन-चार आठवड्यांत परत तेच. तोवर शेवाळ मारायची बाटली दोनदा आणून झालेली असते आणि त्या पैशात अजून पाच-सहा झाडं आली असती.

टिळकवाडी, वडगावपासून खानापूर, निपाणीपर्यंत ज्या टाक्या बघायला मिळाल्या, त्यावरून माझं मत पक्कं झालंय. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर न जोडलेल्या टाकीत शेवाळ वारंवार येतं ते मुख्यतः उजेड झाडांच्या ऐपतीपेक्षा जास्त असल्यामुळे, आणि आपल्या भागात पाणी सतत बदलत राहिल्यामुळे. खताची कमतरता तिसऱ्या नंबरावर. बाकी सगळं त्यानंतर.

यामागचं कारण सरळ आहे. झाडाला उजेड, कार्बन डायऑक्साइड आणि खत ही तिन्ही एकमेकांच्या प्रमाणात लागतात. सिलिंडर नसेल तर पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड मोजकाच असतो, तेव्हा झाड ठरावीक वेगापुढे वाढूच शकत नाही. त्यावर उजेड वाढवला की तो उरतो, आणि उरलेला उजेड शेवाळ वापरतं. शेवाळाला जगायला फार थोडं लागतं. शिवाय दर महिन्याला टाकी पूर्ण उपसून धुतली की वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजमध्ये जमलेले जिवाणू जातात. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे हे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आपण त्यांना बसूच देत नाही, म्हणून टाकी कायम ‘नवीन’ राहते आणि नव्या टाकीचे सगळे आजार पुन्हा पुन्हा होतात. तेव्हा पहिली विनंती ही की टाकी उपसू नका. जे करायचं ते भरल्या टाकीत करा.

उजेडाचा हिशेब

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच ही आपल्याकडे सर्रास मिळणारी टाकी. हिशेबाने ५६ लिटर, पण माती, वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी ४५ लिटरच्या आसपास राहतं. सिलिंडरशिवायच्या टाकीला लिटरमागे १५ ते २० ल्युमेन (उजेडाचं माप) पुरतात. इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळणारी दोन फुटी १० वॅटची एलईडी बॅटन साधारण १००० ल्युमेन देते. म्हणजे एक बॅटन भरपूर झाली. आणि लोकांकडे काय असतं? २० वॅटची एक, किंवा १० वॅटच्या दोन, वर दुकानदाराने सुचवलेली निळी-लाल पट्टी. झाडं म्हणजे लाइट जास्तच पाहिजे, हा समज इतका घट्ट बसलाय की बॅटन काढा म्हटलं तर माणूस नाराज होतो. पण काढाच. खोक्यावर ६५०० केल्विन लिहिलेली साधी पांढरी बॅटन झाडांना चालते, निळ्या-लाल पट्टीची गरज नाही.

मोठी बॅटन आधीच घेऊन झाली असेल तर ती वाया घालवू नका. काचेपासून वीतभर उंच टांगा, किंवा खाली ट्रेसिंग पेपर लावा. त्याहून चांगला उपाय म्हणजे वर तरंगणारी झाडं सोडा. अर्धा पृष्ठभाग झाकला की उजेड आपोआप कमी होतो, आणि ही झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत असल्यामुळे भराभर वाढून पाण्यातलं जास्तीचं नायट्रेट ओढतात. काहीच मिळालं नाही तर घरातल्या मनी प्लांटच्या दोन फांद्या मुळं पाण्यात आणि पानं बाहेर राहतील अशा अडकवा. फुकटातला हा उपायही पाण्यातलं नायट्रेट ओढतो.

तास किती? दिवसाला सहा. पहिले दोन महिने त्यापेक्षा एक तासही जास्त नको. झाडं धरली, नवी पानं स्वच्छ येऊ लागली, तर हळूहळू सात-आठ. संध्याकाळी घरी आल्यावर टाकी बघायची असते, म्हणून पाच ते अकरा ठेवा. सकाळी परत लावू नका.

इथे टायमर हवाच, आणि त्यातही आपल्याकडची एक गोची लक्षात घ्या. गोल चकतीचा स्वस्त टायमर लाइट गेली की थांबतो आणि आली की तिथूनच पुढे चालू लागतो. आठवड्यात पाच-सहा तास लाइट गेली, तर पाचला लागणारी बॅटन रात्री दहा-अकराला लागायला लागते आणि पहाटेपर्यंत चालू राहते. आपण झोपलेलो असतो, कळतच नाही. एका घरी महिनोन् महिने शेवाळ हटत नव्हतं, तिथे चकतीचा काटा खऱ्या वेळेपेक्षा सहा तास मागे होता, आणि संध्याकाळी टाकी अंधारी दिसते म्हणून घरातली मंडळी वरचा ट्यूबलाइट तिच्यावरच लावून ठेवत होती. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर थोडा महाग पडतो, पण या छंदात पैसे घालायचे तर आधी त्यात घाला. चकतीचाच असेल तर दर रविवारी घड्याळाशी जुळवा.

आता उन्हाचं. ‘पावसाळ्यात टाकी एकदम छान होती, दिवाळीनंतर बिघडली’ हे वाक्य मी फार ऐकतो. आपल्या अक्षांशावर मे ते ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर, थोडा उत्तरेकडेच असतो, आणि पावसाळाभर ढग. दसऱ्यापासून तो दक्षिणेकडे कलतो. डिसेंबरात भर दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम ५० अंश वर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत आतवर शिरतं. जूनमध्ये जागा बघून ठेवलेल्या टाकीवर नोव्हेंबरात तासभर थेट ऊन पडायला लागतं, आणि तासभर ऊन म्हणजे तुमच्या बॅटनपेक्षा कितीतरी जास्त उजेड. सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला टाकीवर नजर टाका. ऊन दिसलं तर त्या बाजूच्या काचेला बाहेरून काळा कागद चिकटवा. टाकी हलवायची गरज नाही, भरलेली टाकी हलवणं धोक्याचंच.

पाणी एकच ठेवा

बेळगाव शहराला नळाचं पाणी राकसकोप आणि हिडकल जलाशयांतून येतं. पण ज्या गल्लीत नळ रोज नाही तिथे अंगणातली विहीर असते, नव्या वसाहतीत बोअर असते, आणि उन्हाळ्यात टँकर. घरच्या वापराला ठीक. टाकीला मात्र प्रत्येक पाणी वेगळं असतं. नळाचं पाणी मृदू असेल आणि बोअरचं क्षाराचं, तर या आठवड्यात हे आणि पुढच्या आठवड्यात ते घातलं की पाण्याचा पीएच आणि क्षार वर-खाली होतात. क्रिप्टोकोरीन अशा बदलाला पानं गाळून उत्तर देते. ती पानं कुजतात, कुजल्यावर अमोनिया होतो, आणि पुन्हा शेवाळ. बघणाऱ्याला वाटतं क्रिप्टोला रोग झाला.

घरच्या घरी तुलना करायची सोपी रीत आहे. दोन सारख्या बाटल्यांत दोन्ही पाणी अर्ध्यापर्यंत घ्या, प्रत्येकीत अंगाच्या साबणाचा हरभऱ्याएवढा तुकडा टाका, सारखंच हलवा. मृदू पाण्यात फेस उंच येतो आणि टिकतो, क्षाराच्या पाण्यात फेसाऐवजी पांढरट साय येते. पाणी तापवायच्या रॉडवर पांढरा थर धरत असेल तर चाचणीचीही गरज नाही.

क्षाराचं पाणी म्हणजे टाकी होणार नाही, असं मुळीच नाही. गोकाक, अथणी, चिक्कोडीच्या काळ्या मातीच्या पट्ट्यात जड, म्हणजे क्षाराच्या, पाण्याच्या बोअरी आहेत, आणि तिथेही झाडांच्या टाक्या उत्तम होतात. वॅलिस्नेरिया, हायड्रिला, हॉर्नवर्ट ही झाडं पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेऊ शकतात, त्यामुळे जड पाणी त्यांना मानवतं. शिवाय तिन्ही स्वस्त. जड पाण्यात लाल रोटाला लावून त्याच्यामागे खर्च करत बसण्यापेक्षा ही झाडं दाट लावा. मुद्दा इतकाच की जे पाणी वर्षभर खात्रीने मिळेल ते निवडा आणि तेच घाला. आठवड्याला पाव टाकीपेक्षा जास्त बदलू नका.

नळाचं पाणी असेल तर आदल्या दिवशी बादलीत उघडं ठेवा, हवेच्या पंपाचा बुडबुडे सोडणारा एअर स्टोन सोडला तर उत्तम, चोवीस तासांत क्लोरीन उडून जातो. घाईच असेल तर सोडियम थायोसल्फेटचे खडे, जे दुकानात क्लोरीन घालवायचं औषध म्हणून मिळतात. पावसाळ्यात गढूळ पाणी येतं तेव्हा रात्रभर निवळू द्या आणि वरचंच घ्या. बोअरचं पाणीही एक रात्र ठेवलेलं बरं. जमिनीतून ताज्या आलेल्या पाण्यात विरघळलेला वायू जास्त असतो आणि तो निघून जाईपर्यंत पीएच बदलत राहतो.

पाणी एकच असूनही क्षार वाढत असतील तर टाकीतले दगड बघा. स्वस्तातले पांढरेशुभ्र खडे बहुतेक वेळा संगमरवराचे असतात. एक खडा बशीत घेऊन त्यावर व्हिनेगर ओता आणि डोळे जवळ नेऊन बघा. बारीक बुडबुडे सुटायला लागले तर तो खडा पाण्यात रोज थोडा थोडा विरघळतोय. सगळे काढून टाका. वाळू आणतानाही मूठभर वाळूवर हीच परीक्षा करा.

खालची माती

दुकानातली काळ्या गोळ्यांची ‘अ‍ॅक्वा सॉइल’ महाग असते, म्हणून लोक कुंडीतली माती घालतात. विचार बरोबर आहे, माती चुकते. नर्सरीच्या मातीत शेणखत असतं, उसाच्या फडातल्या मातीत युरिया. दोन्हींतून पाण्यात अमोनिया सुटतो आणि आठवड्याभरात पाणी हिरवंगार होतं. असं हिरवं पाणी कितीही बदललं तरी परत हिरवं होतं, कारण उगम खाली बसलाय.

आपल्या पश्चिम भागाला निसर्गाने यासाठी चांगली देणगी दिली आहे. खानापूर, जांबोटीकडची जांभ्याची लाल माती लोहाने भरलेली असते. खत न पडलेल्या जागची घ्या, शेतातली नको. चाळा, बादलीत भिजवा, वर तरंगणारा काडीकचरा ओतून टाका, उन्हात वाळवा, आणि हे चार-पाच वेळा करा. दर वेळी त्यातलं सेंद्रिय आणखी कुजून संपतं. मग टाकीत दोन-अडीच सेंटिमीटरचा थर द्या आणि त्यावर तीन सेंटिमीटर धुतलेली जाड वाळू. वाळूचा थर पातळ ठेवला तर झाड उपटताना लाल गढूळ पाणी होतं, फार जाड केला तर खाली हवा न पोचून सडका वास येतो. झाडं लावल्यावर ती जागा सारखी उकरू नका.

माती आधीच चुकीची पडली असेल आणि टाकी सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल, तर ती काढायच्या भानगडीत पडू नका. तोवर अमोनियाचा जोर बराच ओसरलेला असतो. वर वाळू वाढवा, मुळं धरणारी झाडं दाट लावा.

खत, कृषी केंद्रातून

छोट्या बाटलीतलं रंगीत खत विकत घेण्यापेक्षा आपल्या ऊस-द्राक्षाच्या भागातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जा. १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. ००:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. एकेका पिशवीत तुमची टाकी वर्षानुवर्षं चालेल, चार मित्रांनी मिळून घ्या.

इथे नीट लक्ष द्या. १२:६१:०० आणि १९:१९:१९ ही पाकिटं शेजारीच ठेवलेली असतात आणि दुकानदार ‘तेच आहे, घ्या’ म्हणतो. तेच नाही. पहिल्यात अमोनियम असतं, दुसऱ्यात नत्राचा बराचसा भाग अमोनियम आणि युरियाच्या रूपात असतो. पिकाला ते चालतं, माशांच्या टाकीत त्याचा अमोनिया होतो. आकडे वाचूनच घ्या.

अर्धा लिटर पाण्यात २५ ग्रॅम १३:००:४५ आणि २.५ ग्रॅम ००:५२:३४ विरघळवा. इतकं बारीक वजन ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर होतं. या द्रावणाचे १० मिली ४५ लिटर पाण्यात घातले की नायट्रेट साधारण ६ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) आणि फॉस्फेट पाऊण पीपीएमने वाढतं. कमी उजेडाच्या टाकीला आठवड्यातून एकदा एवढं बास, पाणी बदलल्यानंतर. विहिरीच्या पाण्यात आधीच नायट्रेट असू शकतं, तेव्हा नायट्रेट तपासायच्या पट्टीने एकदा तपासून घ्या. लोह आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण वेगळ्या बाटलीत ठेवा आणि वेगळ्या दिवशी घाला, फॉस्फेटबरोबर लोहाचा साका होतो. त्यात तांबंही असतं, कोळंबी पाळली असेल तर अगदी चिमूटभर किंवा नकोच.

कमतरता कुठे आहे ते पानंच सांगतात. जुनी पानं पिवळी पडत असतील तर नत्र, जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं असतील तर पोटॅश, नवी पानं फिकट आणि शिरा हिरव्या असतील तर लोह. काचेवर घट्ट हिरवे ठिपके येत असतील तर बहुधा फॉस्फेट कमी आहे.

साखर-यीस्टची बाटली

साखर आणि यीस्ट बाटलीत आंबवून निघणारा कार्बन डायऑक्साइड टाकीत सोडायचा, हा प्रयोग आपल्याकडे कॉलेजची मुलं उत्साहाने करतात, साखर-गूळ स्वस्त आहे. पण वारंवार येणाऱ्या काळ्या दाढीसारख्या शेवाळाचं एक मोठं कारण हीच बाटली असते. पहिले चार दिवस वायू जोरात सुटतो, मग उतरतो, पंधरा दिवसांत संपतो. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची थंडी पडली की यीस्ट जवळजवळ झोपतं. कार्बन डायऑक्साइड असा वर-खाली होणं त्या शेवाळाला फार मानवतं. बाटली ठेवायचीच असेल तर दोन ठेवा, एकीत आज आणि दुसरीत आठवड्याने मिश्रण भरा, म्हणजे पुरवठा तुटत नाही. ते जमणार नसेल तर बाटली काढा आणि उजेड कमी ठेवा. माझा कौल दुसऱ्याला.

आत्ता जे शेवाळ आहे त्याचं काय

तपकिरी, बोटाने पुसलं जाणारं असेल तर काही करू नका. नव्या टाकीत ते येतंच आणि काही आठवड्यांत जातं. हिरवे दोरे जुन्या टूथब्रशवर गुंडाळून काढा, रोज थोडे. निळसर-हिरवी बुळबुळीत चादर, उचलली की सलग निघणारी आणि वास येणारी, हे खरं तर जिवाणू असतात. पाणी जिथे फिरत नाही आणि नायट्रेट शून्यावर आलंय तिथे ते धरतात. चादर नळीने ओढून काढा, टाकी तीन दिवस जाड कापडाने पूर्ण झाका, हवेचा पंप चालू ठेवा, मग वर सांगितलेलं खत सुरू करा. हिरव्या पाण्यालाही हेच झाकणं, फक्त चार दिवस, आणि आधी ऊन व अमोनियाचा बंदोबस्त.

काळ्या दाढीसाठी मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. आपल्याकडे ते बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं, लेबल वाचा आणि तेवढंच पाणी मिसळून ३ टक्के करा. पंप-फिल्टर बंद करून सिरिंजने थेट त्या शेवाळावर हळू सोडा, ४५ लिटरला दिवसाला १५ मिलीच्या वर नाही. दहा मिनिटांनी फिल्टर सुरू. दोन-तीन दिवसांत काळं शेवाळ गुलाबी, मग पांढरं होतं आणि मासे-गोगलगायी खातात. मॉस आणि हॉर्नवर्टवर मात्र मारू नका, तेही जळतात. खूप भरलेली जुनी पानं सरळ कापून टाका.

या सगळ्याचा क्रम असा धरा: आज बॅटन कमी करा, टायमर लावा, ऊन अडवा. या आठवड्यात दगडांची परीक्षा आणि पाण्याचा निर्णय. पुढच्या रविवारपासून खत. एवढं झाल्यावर पुढचा कुठलाही बदल एका वेळी एकच, आणि प्रत्येकानंतर किमान दोन आठवडे हात बांधून ठेवा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. कोळपलेलं जुनं पान परत हिरवं होत नाही, म्हणून नजर फक्त नव्या पानांवर ठेवा. क्रिप्टोने सगळी पानं गाळली तरी ती उपटू नका, मुळं जिवंत असतात आणि तीन-चार आठवड्यांत कोवळा कोंब येतो. दुकानात ती बहुतेक वेळा पाण्याबाहेर वाढवलेली असते, पाण्यातली पानं तिला नव्यानेच काढावी लागतात.

झाडं कमी असतील तर तळ्यातून आणायला हरकत नाही, पण उसाच्या पाटाजवळची नकोत, तिथे फवारणीचं औषध उतरतं. आणल्यावर पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवा, स्वच्छ पाण्यात धुवा आणि चार दिवस वेगळ्या बादलीत ठेवून चतुराच्या अळ्या निवडून काढा. त्या लहान मासे खातात. आणि छाटणीनंतर उरलेली झाडं, विशेषतः तरंगणारी, कुठल्याही तळ्यात, विहिरीत किंवा मार्कंडेय नदीत सोडू नका. अंगणात उन्हात वाळवून झाडाच्या बुंध्याशी घाला, किंवा नवी टाकी लावणाऱ्याला द्या.